निसर्ग : आलंबन की उद्दीपन?

'निसर्गप्रेम' हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की, त्याचा अर्थ काय असे सहसा कोणी विचारीत नाही. सुट्टी लागताच माथेरान-महाबळेश्वरास धाव घेणारे कुटुंब निसर्गप्रेमी. सज्जात चार कुंड्या मांडणारे गृहस्थ निसर्गप्रेमी. आणि पहिल्या पावसावर कविता करणारा विद्यार्थी तर निसर्गप्रेमी असतोच असतो. या प्रेमाविषयी शंका काढणे म्हणजे अरसिकपणाचा शिक्का आपण होऊन कपाळी मारून घेणे होय. तथापि साहित्याच्या अध्यापनात पाव शतकाहून अधिक काळ घालविल्यानंतर ही शंका मला टाळता येत नाही. डोंगराकडे पाहून आपले मन उचंबळते तेव्हा आपले प्रेम त्या डोंगरावर असते, की डोंगरासमोर उभ्या असलेल्या आपल्याच मनावर?

आपल्या साहित्यशास्त्राने हा प्रश्न निराळ्या शब्दांत पूर्वीच मांडून ठेवला आहे. विभावाचे दोन भेद त्याने मानले. ज्याच्या ठिकाणी भाव जडतो ते आलंबन, आणि जडलेला भाव ज्याच्या योगे वाढीस लागतो ते उद्दीपन. दुष्यंताच्या प्रेमाचे आलंबन शकुंतला. आश्रमातले लताकुंज आणि मालिनीचा तीर ही उद्दीपने. आपल्या काव्यात निसर्गाच्या वाट्यास बहुधा हे दुसरे आसन आले. चंद्र उगवावयाचा तो विरहिणीला पोळण्यासाठी, कोकिळेने कूजन करावयाचे ते प्रेमिकांची घालमेल वाढविण्यासाठी. मेघदूतातील मेघाचे वर्णन कितीही मनोहर असले, तरी यक्षाच्या दृष्टीने तो अखेर निरोप्याच. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात कण्व तपोवनातल्या वृक्षांजवळ शकुंतलेसाठी निरोप मागतात, तेथे मात्र झाडे क्षणभर घरची माणसे होतात. परंतु असे प्रसंग थोडे. युरोपातही हा वाद झालाच. मनुष्याने आपल्या भावना लाटांवर आणि फुलांवर लादाव्या या प्रवृत्तीस रस्किनने १८५६ साली दोष म्हणून नाव दिले. निसर्ग हा स्वतःच भावनेचा विषय होऊ शकतो काय, की तो नेहमी आपल्या सुखदुःखांचा आरसा तेवढा राहणार, हाच दोन्हीकडील वादाचा गाभा आहे.

या प्रश्नाचा विचार ग्रंथांच्या आधारे पुष्कळ झाला आहे. प्रस्तुत लेखात तो काही चित्रांच्या आधारे करावयाचा आहे. ता. ७ मे १९२० रोजी कॅनडातील टोरोंटो शहराच्या आर्ट गॅलरीत सात चित्रकारांचे एक सामुदायिक प्रदर्शन उघडले. फ्रँकलिन कारमायकेल, लॉरेन हॅरिस, ए. वाय. जॅक्सन, फ्रँक जॉन्स्टन, आर्थर लिस्मर, जे. ई. एच. मॅक्डोनल्ड आणि फ्रेडरिक व्हार्ली हे ते सात. त्यांनी स्वतःस नाव घेतले तेही साधेच : 'ग्रुप ऑफ सेव्हन', म्हणजे सातांचा मेळा. त्याच महिन्यात प्रदर्शन संपले. परंतु कॅनडाच्या लोकांनी आपल्या भूमीकडे कसे पाहावे हे त्या दिवसापासून बऱ्याच अंशी ठरून गेले. माझी कन्या टोरोंटो येथे राहते. त्या निमित्ताने तिकडे जाणे झाले, तेव्हा या चित्रकारांची चित्रे मला तीन ठिकाणी निवांतपणे पाहावयास मिळाली : टोरोंटोच्या आर्ट गॅलरीत, ओटावाच्या राष्ट्रीय चित्रालयात, आणि शहराबाहेर क्लाइनबर्ग या गावी, जेथे मॅकमायकेल दांपत्याने जमविलेला संग्रह लाकूड आणि दगड यांनी बांधलेल्या इमारतीत झाडीच्या मधोमध ठेवला आहे. शंभर वर्षांपूर्वीचे प्रदर्शन जसेच्या तसे पाहणे आता शक्य नाही. चित्रे मात्र बोलतात, आणि काही बाबतीत त्यांच्या कर्त्यांपेक्षाही अधिक खरे बोलतात.

हे चित्रकार अरण्यात वाढलेले ऋषिकुमार नव्हते. त्यांतील बहुतेक टोरोंटोच्या 'ग्रिप' या छपाईकामाच्या कंपनीत जाहिराती आणि अक्षरे रेखाटून पोट भरीत. हॅरिस तेवढा श्रीमंत. शेतीची यंत्रे बनविणाऱ्या प्रसिद्ध घराण्याचा तो वारस. लिस्मर आणि व्हार्ली हे इंग्लंडातील शेफील्डहून येऊन स्थायिक झालेले. १९१३ च्या जानेवारीत हॅरिस आणि मॅक्डोनल्ड हे दोघे सरहद्दीपलीकडील बफेलो शहरी स्कँडिनेव्हियन चित्रांचे प्रदर्शन पाहावयास गेले. बर्फ, सूचिपर्णी वृक्ष, उत्तरेकडचा थंड प्रकाश हे सारे आपल्याही देशात आहे, आणि तरी आपण हॉलंडमधल्या गाई नि इंग्लंडमधली कुरणे रंगवीत बसलो आहो, याची जाणीव घेऊन ते परतले. परक्या चित्रांनी स्वतःच्या अंगणाकडे पाहावयास शिकवावे, हा योग कलेच्या इतिहासात नवा नाही. आपल्याकडेही इंग्रजी कवींचा अभ्यास झाल्यावरच काही कवींस सह्याद्री नव्याने दिसला, हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

या सात नावांत एक नाव नाही, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. टॉम थॉमसन हा १८७७ साली जन्मलेला, रीतसर चित्रशिक्षण फारसे न मिळालेला मनुष्य त्यांचा ग्रिपमधील सोबती. १९१२ साली तो प्रथम अल्गोंक्विन नावाच्या राखीव उद्यानात गेला, आणि मग दरवर्षी बर्फ वितळता वितळता तिकडे जाऊन थंडी पडेपर्यंत राहू लागला. कधी प्रवाशांचा वाटाड्या, कधी वणव्यावर लक्ष ठेवणारा पहारेकरी, अशी कामे तो करी. होडीत एक लहानशी पेटी असे, आणि तिच्यात वीतभर उंचीच्या लाकडी फळ्या. अशा फळीवर तो समोर दिसेल ते एका बैठकीत रंगवी. १९१७ च्या जुलैत कनू सरोवरावर होडीतून निघालेला थॉमसन परतला नाही. आठ दिवसांनी त्याचे प्रेत पाण्यावर आले. वय अवघे एकोणचाळीस. त्या मृत्यूविषयी नाना तर्क झाले. त्यांत शिरण्याचे आपणास कारण नाही. सरोवराच्या काठी मित्रांनी दगडांचा स्मृतिस्तंभ रचला, त्यावरील लेख मॅक्डोनल्डने तयार केला. १९२० च्या फेब्रुवारीत त्याच आर्ट गॅलरीत थॉमसनच्या चित्रांचे स्मारक-प्रदर्शन झाले आणि तीनच महिन्यांनी सातांचे प्रदर्शन उघडले. म्हणजे या मेळ्याच्या उत्सवास प्रारंभापासूनच सुतकाची एक किनार होती.

थॉमसनचे 'द जॅक पाइन' हे चित्र ओटावा येथे आहे. जॅक पाइन ही खडकाळ, निकस जमिनीत वाढणारी पाइन वृक्षाची एक जात. सरोवराच्या काठी असे एक वेडेवाकडे झाड, त्याचे खाली लोंबणारे काळपट पर्णभार, मागे पाणी, पाण्यापलीकडे टेकड्या, आणि आडव्या रुंद फटकाऱ्यांनी भरलेले सायंकाळचे आकाश. याहून त्या चित्रात काही नाही. चित्राच्या तळाशी लावलेला तांबडा रंग मात्र झाडाच्या कडांतून जागोजाग डोकावतो, आणि त्यामुळे सगळे स्तब्ध असूनही आतून काही धगधगते आहे असे वाटते. या झाडाविषयी थॉमसनला काय वाटत होते, हे चित्रावरून सांगता येत नाही. ते दुःखी आहे, अभिमानी आहे, एकाकी आहे, ही विशेषणे आपण जोडतो. चित्रकाराने जोडलेली नाहीत. त्याने झाड पाहिले आहे, आणि ते पुन्हा पुन्हा पाहिलेल्या माणसाप्रमाणे पाहिले आहे. हे चित्र पाहताना मला बालकवींच्या 'औदुंबर'ची आठवण झाली. अवघ्या आठ ओळींच्या त्या कवितेत कवी स्वतःविषयी चकार शब्द काढीत नाही. झाड तेथे आहे, एवढेच सांगून तो बाजूला होतो. बालकवी गेले तेही १९१८ साली, रेल्वेच्या अपघातात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. एकमेकांचे नावही ज्यांनी ऐकले नाही अशा दोघा समकालीनांस एकाच सुमारास निसर्ग हा उद्दीपन न राहता आलंबन झाला, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

तथापि थॉमसनच्या सोबत्यांविषयी तसेच म्हणता येईल काय? येथे युद्धाचा विचार करावा लागतो. १९१४ ते १९१८ या चार वर्षांनी या मेळ्यास विस्कटून टाकले होते. जॅक्सन सैन्यात भरती होऊन फ्लँडर्सला गेला आणि १९१६ साली जखमी झाला. पुढे सरकारने त्यास युद्धाची चित्रे काढण्यास नेमले. व्हार्लीही त्याच कामावर गेला. 'फॉर व्हॉट?', म्हणजे 'कशासाठी?', असे त्याच्या एका चित्राचे नाव. चिखलात एक गाडा, गाड्यात प्रेते, पलीकडे क्रूसांची रांग; नावातल्या प्रश्नास उत्तर नाही. हॅरिसचा भाऊ १९१८ साली रणांगणावर पडला, आणि हॅरिस स्वतः मनाने खचल्यामुळे त्याच वर्षी सैन्यातून मुक्त झाला. त्यानंतर लगेच त्याने सुपीरिअर सरोवराच्या बाजूस असलेल्या अल्गोमा नावाच्या मुलखाची वाट धरली. अल्गोमा सेंट्रल या रेल्वेने मालगाडीचा एक डबा या मंडळींस राहण्यासाठी दिला. आत झोपण्याच्या फळ्या आणि शेगडी. गाडी जेथे हा डबा बाजूच्या रुळावर सोडून जाई तेथे हे लोक उतरावयाचे, दिवसभर चित्रे काढावयाची, आणि काही दिवसांनी दुसऱ्या गाडीने डबा पुढे न्यावयाचा. १९१८ आणि १९१९ या दोन्ही शरदृतूंत अशा सफरी झाल्या.

या सफरींत त्यांनी काय पाहिले? लाल-पिवळी झालेली मेपलची राने पाहिली, धबधबे पाहिले, आणि वणव्याने जळून गेलेल्या टेकड्याही पाहिल्या. जॉन्स्टनने १९२० साली रंगविलेले 'फायर-स्वेप्ट, अल्गोमा' हे चित्र ओटावास आहे. जळालेल्या उतारावर उभे-आडवे ओंडके, साल गेलेली, फांद्या गेलेल्या. ज्याने तोफांनी उद्ध्वस्त झालेल्या फ्लँडर्समधील रानांची चित्रे एकदा पाहिली आहेत, त्यास येथे ती आठवल्यावाचून राहावयाची नाहीत. मग ही टेकडी उद्दीपनच नव्हे काय? शोक युद्धाचा, मित्राच्या आणि भावाच्या मृत्यूचा. टेकडी त्याचे निमित्त, असे म्हणण्याचा मोह होतो. मी स्वतः पहिल्या दिवशी वहीत तसेच टिपून ठेवले होते.

दुसऱ्या वेळी ते चित्र पाहिले तेव्हा मत बदलले. शोकाकुल मन निसर्गाकडे दोन प्रकारे जाते. एक, निसर्गाने आपल्यासह रडावे म्हणून. दुसरे, निसर्ग आपल्यासाठी रडत नाही हेच पाहावे म्हणून. पहिल्या प्रकारात झाडे अश्रू ढाळतात आणि वारा उसासे टाकतो. दुसऱ्या प्रकारात झाडे झाडेच राहतात, आणि आपल्या दुःखाची पर्वा नसलेले काहीतरी जगात आहे, ते आपल्या आधी होते आणि नंतरही राहील, यानेच मनास आधार मिळतो. जॉन्स्टनच्या टेकडीवर शोक नाही. वणव्यानंतर रान कसे दिसते, हे तेथे आहे. अल्गोमाच्या उत्तम चित्रांचे सामर्थ्य मला या संयमात दिसते. मनात भाव होता आणि तो फार मोठा होता. परंतु चित्रकारांनी तो झाडांवर लादला नाही, झाडांपुढे नेऊन ठेवला. आलंबन आणि उद्दीपन यांच्यामध्ये हे एक तिसरे स्थान आहे. आपल्या शास्त्राने त्यास नाव दिले नसले, तरी घरात कोणी गेले असता नेहमीच्या शेजाऱ्याने काही न बोलता ओसरीवर येऊन बसावे, त्यातून जे मिळते त्याच जातीचा हा आधार होय.

सर्वच चित्रांत हा संयम नाही, हेही सांगितले पाहिजे. काही चित्रांतून रंगांची आतषबाजी इतकी आहे की, जाहिरातींच्या कारखान्यात शिकलेला हात लपत नाही. उलट हॅरिस पुढे थिऑसॉफीकडे वळला आणि त्याचे डोंगर, बेटे, हिमनग हे दिवसेंदिवस गुळगुळीत, निळे, निर्मळ होत गेले. त्या चित्रांचे चाहते पुष्कळ आहेत. मला ती पाहताना देवघरातील स्फटिकाच्या लिंगापुढे उभे असल्यासारखे वाटते; हात जोडले जातात, परंतु जवळीक वाटत नाही. डोंगराने आत्म्याचे प्रतीक व्हावयाचे पत्करले की त्यास डोंगर म्हणून काही सांगता येत नाही. उद्दीपनाच्या दारातून बाहेर काढलेला निसर्ग अशा रीतीने प्रतीकाच्या खिडकीतून पुन्हा नोकरीवर रुजू होतो. मॅक्डोनल्डचे 'द टँगल्ड गार्डन' याच्या नेमके उलट आहे. १९१६ साली ते मांडले गेले तेव्हा टीकाकारांनी रंगांच्या भडकपणाबद्दल त्याची यथेच्छ टर उडविली. आज ते पाहता त्यात आपल्या परसातल्यासारखी ओळखीची गर्दी दिसते : माना टाकलेली सूर्यफुले, एकात एक गुंतलेली झुडपे, मागे भिंत. हे मॅक्डोनल्डच्या स्वतःच्या घरचे परस होते. त्यात कोणताही संदेश नाही, म्हणूनच ते इतके जिवंत आहे.

टीकाकारांचा विषय निघालाच आहे, तर एका आख्यायिकेचे निरसन करणे इष्ट होय. या सातांस त्यांच्या देशाने छळले, वृत्तपत्रांनी झोडपले, आणि तरी ते डगमगले नाहीत, अशी कथा फार लोकप्रिय आहे. १९२६ साली निघालेल्या फ्रेडरिक हौसर याच्या पुस्तकाने तिला चांगलेच खतपाणी घातले. वस्तुस्थिती इतकी नाट्यमय नाही. काही कडवट टीका झाली हे खरे. परंतु १९२० च्या प्रदर्शनाचे स्वागत एकंदरीत सौम्यच झाले आणि राष्ट्रीय चित्रालयाने त्यातली तीन चित्रे विकत घेतली : हॅरिसचे 'शॅक्स', जॅक्सनचे 'नाइट, जॉर्जियन बे' आणि लिस्मरचे 'द गाइड्ज होम, अल्गोंक्विन'. १९२४ साली लंडनजवळ वेंब्ली येथील प्रदर्शनात कॅनडाच्या चित्रांची वाहवा झाली, जॅक्सनचे एक चित्र टेट संग्रहालयाने घेतले, आणि मग घरच्यांचाही उरलासुरला विरोध मावळला. परदेशी शिफारशीवाचून आपल्या माणसाची किंमत न कळणे हा दुर्गुण केवळ आपलाच नव्हे, हे वाचून वाचकांस थोडे समाधान वाटेल.

खरा आक्षेप निराळा आहे आणि तो कडवट टीकाकारांपैकी कोणी त्या वेळी घेतला नाही. या चित्रांतून माणसे कोठे आहेत? जॅक्सनच्या १९१३ सालच्या एका मोठ्या चित्राचे नावच 'टेर सोवाज', म्हणजे 'रानटी भूमी'. उघडा खडक, काळसर सूचिपर्णी झाडे, वर ढग. प्रलयाचे पाणी ओसरल्यावर प्रथम वर आलेल्या पर्वताची मॅक्डोनल्डला त्यावरून आठवण झाली, आणि त्याने थट्टेने त्यास 'अरारात' हे नाव दिले. थट्टेतच मर्म आहे. जणू येथे यापूर्वी कोणी नव्हतेच! परंतु जॉर्जियन उपसागराचा आणि अल्गोमाचा हा सारा मुलूख अनिशिनाबे लोकांचा. १८५० साली रॉबिन्सन-ह्यूरन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कराराने तो इंग्लंडच्या राजसत्तेकडे गेला. मोबदला म्हणून वार्षिक तनखा ठरला, आणि १८७५ पासून तो माणशी ४ डॉलरवर जो थांबला तो थांबलाच. त्या अन्यायापोटी दहा अब्ज डॉलरांची तडजोड व्हावयास २०२३ साल उजाडावे लागले. अल्गोंक्विन उद्यान १८९३ साली स्थापन झाले. त्यास नाव अल्गोंक्विन लोकांचे दिले, परंतु त्या भूमीवरील त्यांच्या दाव्याबाबत तत्त्वतः करार झाला तो २०१६ साली. ज्यास सातांनी अस्पर्श अरण्य म्हणून गौरविले तेथे लाकूडतोडीचा व्यापारही जोरात चालला होता. थॉमसन स्वतः हे जाणून होता. त्याच्या फळ्यांवर नदीतून वाहत नेले जाणारे ओंडके आहेत, ते ढकलणारे मजूर आहेत, धरणाच्या पाण्यात बुडून मेलेली झाडे आहेत. त्याच्या मित्रांनी त्याच्यापासून झाडे घेतली. ओंडके आणि मजूर बहुशः मागे राहिले.

यावर कोणी म्हणेल की, चित्र म्हणजे शिरगणतीचे दप्तर नव्हे. चित्रकाराने काय घ्यावे आणि काय वगळावे हा त्याचा अधिकार आहे. हा अधिकार मला सर्वस्वी मान्य आहे. 'औदुंबर'मध्ये शेतकऱ्याचे नाव नाही म्हणून कोणी बालकवींस दोष देत नाही. परंतु या सातांनी केवळ काही झाडे रंगविली असे नाही. आपण आपल्या देशाचा आत्मा रंगवीत आहो असे त्यांनी सांगितले आणि देशाने ते मानले. देशाचा आत्मा म्हणून जे दाखवावयाचे त्यात तेथील मूळ रहिवाशांस जागा नसेल, तर ते वगळणे हे रचनेपुरते राहत नाही. निर्जन म्हणून दाखविलेली भूमी पाहणाऱ्याच्या मनात नकळत बेवारस होते, आणि बेवारस मालावर पहिला हक्क पाहणाऱ्याचा, हे कायद्याच्या अभ्यासकांस निराळे सांगावयास नको. न्यायासाठी एवढे सांगितले पाहिजे की, १९२७ साली ओटावाच्या राष्ट्रीय चित्रालयात पश्चिम किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांची कला आणि नव्या चित्रकारांची कला यांचे एकत्र प्रदर्शन झाले. एमिली कार ही चित्रकर्ती त्यात प्रथम देशापुढे आली. तिने पंधरा वर्षांपूर्वीच त्या लोकांच्या गावी राहून त्यांचे कोरीव स्तंभ आणि घरे रंगविली होती. त्या गावांत शिरतानाही तिची दृष्टी पाहुणीचीच राहिली. परंतु येथे कोणी राहते, एवढे तरी तिने नाकारले नाही.

हा आक्षेप मी पुस्तकात वाचून शिकलो असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाची सहल भीमाशंकरास गेली होती. पावसाळा नुकताच संपला होता, दरीत धुके होते, आणि कड्यावर उभे राहून मी विद्यार्थ्यांस अरण्यातील एकांतावर व्याख्यान दिले. वर्ड्‌स्वर्थ झाला, बालकवी झाले. समोरचा हिरवा उतार दाखवून, मनुष्याच्या पावलाने न विटाळलेली भूमी कशी असते ते पाहा, असेही मी म्हणालो. परतताना महादेव कोळी समाजातला एक विद्यार्थी माझ्या बरोबरीने चालू लागला. बराच वेळ गप्प राहून तो संकोचाने म्हणाला, "सर, तुम्ही तो उतार दाखवलात ना, तिथं माझी आजी हिरडा वेचते. त्या झाडीच्या मागं आमची वाडी आहे." त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. माझ्या माहितीत असलेली एक उणीव तो भरून काढीत होता, इतकेच. मी "असं का" म्हणालो आणि विषय बदलला. त्या वेळी विषय बदलला याची लाज मला पुढे 'टेर सोवाज'समोर उभा असताना वाटली.

मग निसर्ग आलंबन की उद्दीपन? या चित्रांच्या सहवासातून मला जे उत्तर सापडले ते असे. निसर्ग आपल्या भावनेचा स्वतंत्र विषय होऊ शकतो. थॉमसनचे झाड आणि जॉन्स्टनची जळकी टेकडी ही त्याची साक्ष. त्यासाठी आपले सुखदुःख त्यावर न लादण्याचा संयम लागतो, आणि तो संयम या प्रदर्शनामागील माणसांनी फार मोठ्या दुःखाच्या काळात पाळला, हे त्यांचे श्रेय कोणत्याही आक्षेपाने कमी होत नाही. परंतु निसर्गास स्वतंत्र करण्याच्या भरात त्यास निर्जन करणे ही त्याच चुकीची दुसरी बाजू आहे. आपल्या भावना लादणे हा जसा आपल्या मनाचा खेळ, तसाच आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाचा त्या भूमीशी संबंध नाही अशी कल्पना करणे हाही आपल्याच मनाचा खेळ. 'औदुंबर' पुन्हा वाचून पाहा. झाड पाण्याकाठी आहे, त्यास कोणाचीही गरज नाही; तरी टेकडीच्या पलीकडे कवीने एक लहानसे गाव ठेवले आहे आणि हिरवळीतून जाणारी पाऊलवाट ठेवली आहे. या वाटेने झाडाचे स्वातंत्र्य उणे होत नाही. इतकी वर्षे ती कविता वर्गात शिकवूनही त्या वाटेवर मी कधी थांबलो नव्हतो.

या गोष्टीस आता दोन वर्षे होतील. परत आल्यावर आमची सहल पुन्हा भीमाशंकरास नेण्याचा योग आला. तो विद्यार्थी आता पदवीधर होऊन जवळच्याच शाळेत शिक्षक झाला आहे. त्यास मी निरोप पाठविला आणि तो आला. कड्यावर या खेपेस मी बोललो नाही, त्यालाच बोलावयास सांगितले. कोणत्या उतारावर हिरडा चांगला धरतो, वाळवताना पाऊस आला तर काय करावयाचे, कोठल्या झऱ्याचे पाणी उन्हाळ्यात टिकते, कोठून वाट खाली कोकणात उतरते, हे त्याने अर्धा तास सांगितले. मुले शांतपणे ऐकत होती. त्याच्या बोलण्यात विशेषणे फार थोडी होती.